पहिल्या बेसवर पायी

२६ एप्रिल

लोरीनने ही वही आणून दिली. म्हणाली, "कुरकुर करायची तर हिच्यात कर. अकरा वर्षं मी ऐकली, आता कागदाला ऐकू दे." बायको असावी तर अशी.

तर कागदबुवा, ऐका. मी वेन्डेल हॅवर्काम्प. वय तेहेतीस, गुडघे पंचावन्नचे. ओटर फोर्क मिलर्स या बेसबॉल संघात डावीकडच्या मैदानात उभा राहतो आणि तिसऱ्या नंबरवर बॅट घेऊन येतो. चेंडू कुंपणाबाहेर घालवणं हे माझं काम, आणि ते मी बरं करतो. आमची लीग मोठ्या लीगच्या बरोबर एक पायरी खाली आहे. या एका पायरीवर मी इतकी वर्षं बसलोय की पायरी झिजली.

वर एकदा जाऊन आलोय. सहा वर्षांपूर्वी, नऊ दिवसांसाठी. चौदा वेळा बॅट घेऊन गेलो आणि चौदाही वेळा तीच बॅट घेऊन परत आलो. पहिला बेस नव्वद फुटांवर असतो. तिथपर्यंत एकदाही पोचलो नाही. पुढच्या वर्षी च्युइंगगमवाल्यांनी पाकिटात घालायच्या खेळाडूंच्या कार्डांत माझंही कार्ड छापलं. पुढे फोटो, मागे आकडे: चौदा, शून्य, शून्य, शून्य, शून्य. सासरेबुवांचं, म्हणजे ऑगस्टचं, नेब्रास्कात मांसाचं दुकान आहे. त्यांनी ते कार्ड मोठ्या अभिमानाने गल्ल्यावर चिकटवलंय. फोटो आत, आकडे बाहेर.

आमचे मॅनेजर ऑर्व्हिल स्टॅगर. त्यांना सगळे बॉस म्हणतात. आज त्यांनी जवळ बोलावून सांगितलं, "वेन्डेल, सप्टेंबरात वरचे लोक आपल्याकडून एक फलंदाज उचलणार आहेत. एकच. या वर्षी गेला नाहीस, तर पुढच्या वर्षी फक्त तुझे गुडघे मागवतील. म्युझियमसाठी."

मला होम रन नको, टाळ्या नकोत. वरच्या मैदानावर एकदा, फक्त एकदा, बॅट टाकून पहिल्या बेसवर जाऊन उभं राहायचंय. हे लोरीनलाही सांगितलेलं नाही. तिला वाटतं मला पेन्शनची काळजी आहे.

४ मे

नवा माणूस आलाय. एल्डन न्यूक्विस्ट, मिनेसोटाचा, वय एकतीस. जाड चष्मा, उतरलेले खांदे. पळतो असा की बस चुकली तरी चालेल. दारात उभा होता तेव्हा मला वाटलं पाण्याच्या मीटरचं रीडिंग घ्यायला आलाय.

बॉसनी त्याला दुसऱ्या नंबरवर टाकलं, माझ्या बरोबर पुढे. पाच वेळा आला. चार वेळा नुसता उभा राहिला. पिचरने बाहेरचे चार बॉल टाकले आणि तुम्ही बॅट हलवली नाहीत, तर पहिला बेस फुकट. चालत जायचं. नियमच आहे तसा, पण नियम आहे म्हणून कोणी त्याच्यावर संसार थाटत नाही. हे गृहस्थ त्यालाच फलंदाजी म्हणतात. तो बॅट घेऊन निघाला की लोक कॉर्न डॉग आणायला उठतात आणि सॉस लावून परत येईपर्यंत हा तिथेच असतो.

चौथा बॉल सोडला की बॅट कशी ठेवतो ते बघण्यासारखं आहे. आम्ही माणसं बॅट फेकतो. हा वाकून जमिनीवर हळूच ठेवतो, मूठ आमच्या बाकड्याकडे करून, पाळण्यात मूल ठेवावं तशी. विचारलं, हे काय रे? म्हणाला, "मागून येणाऱ्याच्या पायात येऊ नये म्हणून." मागून येणारा मी. माझ्या पायांची एवढी काळजी माझ्या आईनेही केली नसेल.

मी त्याचं नाव पोस्टमन ठेवलं. दारोदार पायी. सगळं बाकडं हसलं. तो चष्मा पुसत म्हणाला, "माझे काका खरंच पोस्टमन होते. तीस वर्षांत एकदाही कुत्रं चावलं नाही त्यांना."

याच्याशी बोलायचं तरी काय?

१९ मे

आठवड्यात चार होम रन! कारण सापडलंय, पण कोणाला सांगणार नाही. कागदबुवा, तुम्हाला म्हणून सांगतो: पिवळे मोजे. दहा तारखेपासून धुतलेले नाहीत. बसमध्ये माझ्या शेजारची सीट आपोआप रिकामी राहते, तेवढंच पाय पसरायला बरं.

फक्त पोस्टमनला वासाचं काही वाटत नाही. बाकड्यावर नेमका माझ्याजवळ येऊन बसतो आणि पुटपुटत राहतो. "हा पिचर घाबरला ना, की खाली वळणारा टाकतो. टाकण्याआधी जीभ बाहेर काढतो बघ." किंवा, "याचा खांदा दमलाय. आता जो येईल तो मधोमध येईल." मी ऐकत नाही. नुसता हो हो करतो, रेडिओ चालू असला की करतो तसं.

आज पोस्टमनने नऊ बॉल खाल्ले आणि गेला चालत. मग मी आलो. पिचरने जीभ बाहेर काढली, बॉल खाली वळला, मी तो कुंपणापलीकडच्या टायरच्या दुकानावर घातला. मोज्यांची कमाल आहे.

२ जून

लोरीन सामना बघायला आली होती. घरी जाताना गाडीत म्हणाली, "तो चष्मेवाला तुझ्यासाठी बरंच करतो."

"काय करतो? उभा राहतो!"

"त्या पिचरला पार पिळून काढतो. तू येतोस तेव्हा त्या बिचाऱ्याला धड घामही पुसता येत नसतो."

लोरीन दातांच्या डॉक्टरकडे काम करते. माणसं खुर्चीत बसून घाबरतात कशी, हे तिला रोज दिसतं, म्हणून तिला सगळीकडे तेच दिसतं. मी तिला खेळ समजावून सांगितला. तिने खिडकी उघडली. मोज्यांमुळे असावं.

२३ जून

सोळा होम रन. वर्तमानपत्रात फोटो. मथळा, 'हॅवर्काम्पला नवं तारुण्य'. फोटोत मागे एक चष्मा आणि अर्धा कान दिसतोय. तो कोणाचा हे छापलेलं नाही, आणि बरोबरच आहे. पेपरवाल्यांना जागा थोडी असते.

१० जुलै

आज जे झालं ते लिहिताना दोनदा पेन्सिल मोडली. रागाने. नीट लिहितो, कारण उद्या कोणी विचारलं तर माझी बाजू कागदावर असावी.

पाचवा डाव. पोस्टमन नेहमीप्रमाणे चालत जाऊन पहिल्या बेसवर. मी दुसराच बॉल उचलला. असा बसला, असा बसला की हातांना कळलंसुद्धा नाही. विसावा होम रन. मी बॅट फेकली, हात वर केला आणि चेंडूकडे बघत बघत निघालो. अशा वेळी माणूस चेंडूकडे बघतो. सगळे बघतात.

सगळे म्हणजे पोस्टमन सोडून. हा पठ्ठ्या पहिल्या आणि दुसऱ्या बेसच्या मध्येच थांबला. का? तर म्हणे, कुंपणापाशी कोणी झेलला तर परत फिरायला हवं. माझा फटका, आणि झेलला तर! मी वर बघत पळत होतो. तो ओरडला, "वेन्डेल! मागे! मागे!" मला वाटलं अभिनंदन करतोय. मी त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि पुढे गेलो.

पुढच्या धावणाऱ्याला मागे टाकलं की मागचा बाद. चेंडू कुंपणाबाहेर गेला तरीही. पोस्टमन सावकाश चालत घरी, म्हणजे होम प्लेटवर, आला, त्याचा रन मोजला. मी बाद. होम रन कागदावरून गेला, त्याच्या जागी साधा एक बेसचा फटका लिहिला गेला. टायरच्या दुकानावर चेंडू अजून असेल. हवं तर जाऊन बघावं.

स्टँडमध्ये पाच हजार माणसं हसत होती. त्यांच्यात मोठ्या आवाजाच्या बायका किती असतात हे आज कळलं.

बाकड्यावर पोस्टमन म्हणाला, "मी थोडं आधी ओरडायला हवं होतं."

मी म्हटलं, "तू पोस्टातच जायला हवं होतं."

११ जुलै

बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसलो. तिथे पाण्याचा पिंप आहे आणि शांतता आहे. पोस्टमनने एकदा इकडे बघितलं आणि मग एकट्यानेच काहीतरी पुटपुटत बसला. पिंपाशेजारी फार बरं वाटलं.

२९ जुलै

लिहायला काही नव्हतं म्हणून लिहिलं नाही. एक्केचाळीस पाळ्यांत चार हिट. होम रन एकही नाही.

कारण उघड आहे. बारा तारखेला लोरीनने मोजे धुतले. विचारलं नाही, सांगितलं नाही, गरम पाण्यात टाकले. वर म्हणाली, "शेजारणीने आरोग्य खात्याला फोन करायची धमकी दिली होती." मी म्हटलं, तुला माझ्या पोटापेक्षा शेजारीण जवळची. ती म्हणाली, "मोजे दहा तारखेच्या सामन्यात घाणेरडेच होते ना? मग ते कसं झालं?"

तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

७ ऑगस्ट

बॉसनी खोलीत बोलावलं. टेबलावर एक कागद ठेवला.

"एकोणीस होम रन मारलेस जुलैपर्यंत. त्यातल्या सोळा वेळा एल्डन बेसवर होता. वाच."

"योगायोग आहे, बॉस."

"बरं. दहा जुलैपासून तू त्याच्याशी बोलत नाहीस. दहा जुलैपासून तुझे होम रन किती?"

"ते मोज्यांमुळे..."

बॉसनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "वेन्डेल, मी चाळीस वर्षं या खेळात आहे. मूर्ख माणसं पुष्कळ बघितली. पण पायात अक्कल ठेवणारा तू पहिलाच. उद्यापासून बाकड्यावर त्याच्या शेजारी बसायचं. आणि ऐकायचं. वरचा माणूस चोवीस तारखेला येतोय बघायला. मी दोन नावं पाठवलीत. त्यातलं एक तुझं आहे, आणि ते खोडून टाकायला मला रबरसुद्धा लागणार नाही."

दुसरं नाव कोणाचं, ते विचारलं नाही. आमच्याकडे माझ्याखेरीज कुंपणापार मारणारा आहेच कोण?

८ ऑगस्ट

हुकुमाप्रमाणे जाऊन बसलो. मला वाटलं आता भाषण ऐकावं लागणार. पोस्टमनला एक महिन्याचा अबोला झाला हे जणू कोणी कळवलंच नव्हतं. म्हणाला, "आणि हा जो आहे ना, तो बेसवर कोणी असलं की वळून वळून बघतो. तेवढ्यात त्याचा हात सैल पडतो. पहिला सोड."

सोडला. दुसरा टायरच्या दुकानावर.

त्याच्याकडे बघून मान हलवली. आभार वगैरे मानले नाहीत, उगाच डोक्यात हवा जायची त्याच्या.

२४ ऑगस्ट

वरचा माणूस आला. चाळीस अंशाच्या उन्हात टाय. काळा चष्मा, हातात कागदांची फळी. प्लेटच्या मागे तिसऱ्या रांगेत बसला.

पोस्टमन चार वेळा गेला आणि चारही वेळा चालत पहिल्या बेसवर पोचला. आठव्या डावात तर त्याने बारा बॉल खाल्ले. सहा उगाच बाजूला टोलवले, पिचर टोपी काढून घाम पुसतोय, याचा चेहरा बँकेच्या रांगेत उभा असावा तसा. बरोबरीचा सामना. बारावा बॉल बाहेर. बॅट खाली ठेवली, मूठ बाकड्याकडे, आणि निघाला. माझ्या जवळून जाताना ओठ न हलवता म्हणाला, "संपलाय तो. वेगाने टाकायचा प्रयत्न करेल, जमणार नाही."

जमलं नाही. दोन रन, सामना आमचा. मी धावताना पोस्टमनच्या पाठीवर डोळा ठेवून होतो. एकदा झालं ते पुरे.

मग कपडे बदलायच्या खोलीबाहेर टायवाला भेटला. माझा हात हातात घेऊन हलवला. फळीवर बोट ठेवून म्हणाला, "एक विचारायचं होतं. तो सतरा नंबर, चष्मेवाला. आज खेळला का तो? माझ्या कागदावर त्याच्या शून्य पाळ्या दिसतायत."

चालत गेलेली पाळी पाळी म्हणून धरत नाहीत. हिट नाही, बाद नाही, तर कागदाच्या लेखी माणूस आलाच नाही. चार वेळा येऊन पोस्टमनच्या नावापुढे शून्य.

मी म्हटलं, "तो? आमचा पोस्टमन आहे तो. चालत होता."

टायवाला इतका हसला की त्याचा काळा चष्मा घसरला. मग त्याने पेनाला टोपण लावलं. जमला होता विनोद. घरी लोरीनला सांगितला. ती हसली नाही. तिला दिवसभर लोकांची उघडी तोंडं बघावी लागतात, तिचा दोष नाही.

२९ ऑगस्ट

बोलावणं आलं! मला! परवा विमान.

बॉस दारातच उभे होते. म्हणाले, "जा. आणि मोजे धुऊन जा."

मी आनंदात होतो, म्हणून विचारलं, "बॉस, दुसरं नाव कोणाचं पाठवलं होतंत?"

"एल्डनचं."

मी हसलो. बॉस हसले नाहीत. म्हणाले, "या लीगमध्ये त्याच्याइतक्या वेळा बेसवर कोणी पोचलेलं नाही. कोणीच नाही, वेन्डेल. मी वरच्यांना सांगितलं. ते म्हणाले, आमच्या माणसाने चौकशी केली, तो नुसता चालतो म्हणे. पुढच्या वर्षी त्याला ठेवणार नाहीत. मिनेसोटात मेव्हण्याचं होड्या दुरुस्तीचं दुकान आहे, तिकडे जाणार आहे."

मी खाली बसून बुटाची नाडी बांधली. ती बांधलेलीच होती.

मी त्याच्याविरुद्ध काही बोललो नव्हतो. चालत होता हे खरंच आहे. खरं बोलल्याबद्दल माणसाने वाईट वाटून घ्यायचं म्हटलं तर कठीण आहे.

३१ ऑगस्ट

पोस्टमन निरोपाला आला. माझी मोठी बॅग गाडीपर्यंत त्यानेच उचलली. मी नको म्हणत होतो, पण फार जोरात नव्हतो म्हणत.

"वरचे पिचर जास्त वेगाने टाकतात," तो म्हणाला. "पण घाबरतात इथल्यांइतकेच. तीन बॉल झाले की त्यांनाही घाम फुटतो. तेव्हा काही करू नकोस."

"काही करू नको म्हणजे?"

"काहीच. तेच अवघड असतं."

त्याला काहीतरी सांगायचं माझ्या मनात होतं. मी म्हटलं, "मिनेसोटात थंडी असते ना फार?" तो म्हणाला, "असते." मग मी गाडीत बसलो.

१६ सप्टेंबर

वर सगळं छान आहे. टॉवेल जाड आहेत. जेवणात तीन प्रकारचं मांस. बाकड्याला गादी आहे, आणि मी तिचा पुरेपूर उपयोग करतोय. सोळा दिवसांत पाच पाळ्या. पाचही बाद. आता मागचे चौदा धरून एकोणीस, आणि पुढे सगळी शून्यं. सासऱ्यांनी नवं कार्ड छापून यायची वाट न बघता जुन्यावरच पेनाने दुरुस्ती केली, असं लोरीन फोनवर म्हणाली.

शेजारी बसणारा माणूस इथला स्टार आहे. तो काही पुटपुटत नाही. सूर्यफुलाच्या बिया खातो आणि सालं माझ्या बुटांवर टाकतो. आज मी त्याला म्हटलं, "हा पिचर टाकण्याआधी कोपर आत घेतो, बघितलंस? आता वळणारा येणार." बॉल वळला. त्याने बिया चावायचं थांबवून विचारलं, "तू कोच आहेस का?"

३० सप्टेंबर

मोसमाचा शेवटचा दिवस. आमचा क्लब सहा रनांनी मागे, शेवटचा डाव, दोन बाद. अर्धं स्टँड गाड्या काढायला निघून गेलेलं. मॅनेजरने बाकड्यावर नजर फिरवली, ती माझ्यावर येऊन थांबली. बाकी सगळ्यांनी बूट काढले होते.

गेलो. पहिल्या दोन बॉलला मी बॅट अशी फिरवली की वारा पिचरपर्यंत गेला असेल. दोन स्ट्राइक. अजून एक, की मोसम संपला आणि मीही संपलो. एक बॉल बाहेर. मग एक बाजूला टोलवला गेला. मग आणखी एक बाहेर. मग खाली एक, जमिनीत. तीन बॉल, दोन स्ट्राइक. पिचरने टोपी काढून घाम पुसला.

पुढचा बॉल आला. मोठा दिसत होता, कलिंगडाएवढा. अंगातली सगळी हाडं म्हणत होती मार. तेहेतीस वर्षांत मी असा बॉल सोडलेला नाही. शेवटच्या क्षणी तो किंचित बाहेर सरकला, म्हणजे केसभर. माझी बॅट खांद्यावरच राहिली. मी ठेवली असं म्हणवत नाही. राहिली.

अंपायर काही बोलेना. मग त्याने बोटाने पहिल्या बेसची दिशा दाखवली.

मला चालताच येईना. अशा वेळी पळतात का, चालतात का, हात कुठे ठेवतात, काही ठाऊक नव्हतं. चार पावलं गेलो आणि हातात बॅट आहे हे लक्षात आलं. वाकलो, जमिनीवर ठेवली आणि मग नव्वद फूट गेलो. बेसवर दोन्ही पाय ठेवून उभा राहिलो. तिथे उभा असलेला त्यांचा खेळाडू म्हणाला, "काय रे, पहिल्यांदा आल्यासारखा काय बघतोस?"

मी म्हटलं, "उन्हामुळे." डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं म्हणून म्हटलं. आकाशात ढग होते.

पुढचा गडी पहिल्याच बॉलला बाद झाला. सगळं मिळून मी बेसवर एक मिनिट असेन. कोणी टाळी वाजवली नाही. एक बाई मोहरीच्या सॉसची बाटली उघडत होती.

१ ऑक्टोबर

सकाळी पेपर घेतला. माझ्या नावापुढे पाळ्या शून्य, रन शून्य, हिट शून्य. अर्थात. एकोणीसचे एकोणीसच राहिले. काल मी तिथे नव्हतोच.

दहा वाजता सासऱ्यांचा फोन. मागे करवतीचा आवाज येत होता, हाडं कापत असावेत.

"वेन्डेल, काल खेळलास का रे तू? पेपरात तर तुझ्यापुढे काहीच नाही."

मी म्हटलं, "चालत होतो."

ते हसले. मोठ्याने, गिऱ्हाइकांना सांगून पुन्हा हसले. मला मात्र माझ्याच तोंडातून निघालेला तो शब्द ऐकू आला. हाच विनोद. अगदी हाच. मी फोन खाली ठेवला आणि खूप वेळ बसून राहिलो. मला लाज वाटली. इतकी लाज मला पाच हजार माणसं हसली तेव्हाही वाटली नव्हती.

मग मिनेसोटाला फोन लावला. होड्यांचं दुकान, पॉलिशचं यंत्र घरघरत होतं. कोणीतरी हाक मारली, यंत्र बंद झालं.

"मी वेन्डेल."

"कितव्या बॉलवर?" पोस्टमनने विचारलं. कसा आहेस नाही, काही नाही.

"तुला काय माहीत?"

"पेपरात नाव आहे आणि पाळ्या शून्य. बाद झाला असतास तर एक पाळी लिहिली असती. म्हणजे चालत गेलास."

अख्ख्या देशात तो पेपर लाखो लोकांनी उघडला असेल. ते शून्य वाचता आलेला माणूस हा एवढाच.

"सातव्या," मी म्हटलं.

"बाहेर होता?"

"केसभर."

"मग चांगला बघितलास."

मी सांगून टाकलं. म्हटलं, "एल्डन, त्या टायवाल्याने तुझ्याबद्दल विचारलं होतं, तेव्हा तू चालत होतास असं मी म्हटलं. हसण्यावारी नेलं. तुझी जागा मी घालवली. आणि माझे होम रन तुझे होते, तेही मला आता कळतंय. मला माफ कर असं म्हणायला तोंड नाही."



"माहीत आहे," तो म्हणाला. "त्या दिवशी पार्किंगमध्ये त्यानेच मला सांगितलं. माझा चष्मा खिशात होता, त्याने ओळखलं नाही. खूप हसला."

"आणि तू?"

"मीही हसलो. विनोद बरा होता." यंत्राचा आवाज एकदा सुरू होऊन परत बंद झाला. "रात्री मग हसू आलं नाही."

लोरीनने एप्रिलात दिलेली ही वही समोर होती, तिच्या कव्हरवर मी नखाने रेघा ओढत बसलो.

"बॅट कुठे फेकलीस?" त्याने विचारलं.

"फेकली नाही. ठेवली. मूठ बाकड्याकडे करून."

"मागून येणाऱ्याच्या पायात आली नाही ना?"

"नाही."

"मग झालं," तो म्हणाला. दुकानात कोणीतरी होडी घेऊन आलं होतं, म्हणून त्याने फोन ठेवला.